जत्रेची पट्टी देणारा माणूस घरपट्टी का थकवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेच्या वर्षी ४५ दिवस सगळं गाव पहाटे टिकाव-खोरी घेऊन डोंगराला जात होतं. पाणी वाढलं, तसे बोअर वाढले आणि ऊस आला. मग ग्रामसभेत ‘नवीन बोअर नको’ असा ठराव झाला. हात सगळ्यांनी वर केले, आणि पंधरा दिवसांत तीन बोअर पडले. त्यातला एक तर ठराव मांडणाऱ्याच्याच चुलत्याच्या रानात. तुम्ही विचारता, माणूस मुळातच स्वार्थी असतो का? मग ते ४५ दिवस म्हणजे काय नाटक होतं?

नाटक नव्हतं, दादा. आणि आज पडलेले बोअर हेही नाटक नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही त्याच माणसांनी केलेलं आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं पाणलोट समित्या, पाणीवापर संस्था आणि बचत गट यांच्यासोबत काम केलं. पहिली पाच-सात वर्षं मीही माणसांचे दोन ढीग करायची, चांगली आणि वाईट. पुढं ते सोडून दिलं, कारण माणूस एका ढिगात टिकायचाच नाही.

आधी जत्रेचं बघू. तुमच्या गावात यंदा घरपट्टी किती थकली आहे ते ग्रामसेवकाला विचारा. मग जत्रेची पट्टी किती थकली ते जत्रा कमिटीला विचारा. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पार केरळ-बंगालपर्यंत पांगलेली आहेत. गावच्या घराला कुलूप, अंगणात गवत. घरपट्टी तीन वर्षांची बाकी. पण जत्रेची पट्टी न मागता येते, वर ‘पहिल्या कुस्तीचं इनाम माझ्याकडून धरा’ असा निरोपही येतो.

भक्ती आहेच, नाही म्हणत नाही. पण पट्टी कशी गोळा होते ते नीट बघा. ती उंबऱ्यावर असते, त्यामुळं किती द्यायचे याचा घोळ नसतो. मागायला येतो तो चुलतभाऊ नाहीतर शाळेतला जोडीदार, हातात वही घेऊन, आणि वहीत तुमच्या वरची-खालची नावं तुम्हाला दिसतात. आठ दिवसांत त्या पैशाचा मांडव झालेला, तमाशा ठरलेला, फड भरलेला दिसतो. शिवाय स्पीकरवरून नाव पुकारलं जातं. नाही दिली तर कुणी जप्ती आणत नाही, फक्त पारावर एक जण सहज विचारतो, ‘यंदा हुकली व्हय रं?’ बस्स. माझ्या मते त्या एका वाक्यात जेवढी ताकद आहे तेवढी ग्रामपंचायतीच्या नोटिशीत नाही. घरपट्टीचं सगळं याच्या उलट. किती आली, कशी आली, कुणी भरली, कुणी नाही, पैसा गेला कुठं, काहीच कुणाला दिसत नाही. थकवणारा थकवतो आणि भरणाऱ्याला आपण येडे ठरलो असं वाटतं.

आता तुमचे ४५ दिवस घ्या. ती स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यात आपल्या जिल्ह्यातला कोरेगाव होता आणि पहिला नंबर कोरेगावातल्याच वेळूनं काढला. २०१८ ला माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. या गावांतली माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती, मी तिथं उन्हात उभी राहिलेली आहे. पण त्या दीड महिन्यात गावकीची सगळी यंत्रणा जत्रेसारखी चालत होती. घरटी माणूस ठरलेला, सकाळची वेळ ठरलेली, किती घनमीटर खोदलं ते मोजलं जायचं, शेजारचं गाव कुठं पोचलं ते कळायचं. कोण आलं नाही ते सांगावं लागत नव्हतं, दिसतच होतं. आणि मुख्य म्हणजे शेवट ठरलेला होता. माणूस पंचेचाळीस दिवस काहीही करू शकतो, कारण सेहेचाळिसावा दिवस स्वतःचा आहे हे त्याला माहीत असतं.

स्पर्धा संपली, मोजणारा गेला. तुमच्याकडे बिघडलं ते इथून पुढं.

आणि एक फरक तुमच्या पत्रात सुटलाय. श्रमदान म्हणजे द्यायचं होतं. बोअर न पाडणं म्हणजे सोडायचं आहे. देणाऱ्याचा सत्कार होतो. सोडणाऱ्याकडे कोण बघतं? ज्यानं बोअर पाडला नाही त्याचं नाव स्पीकरवर कधी पुकारलंय कुणी? त्याच्या रानात तर काहीच झालेलं नसतं, दाखवायचं काय? उलट शेजाऱ्याच्या रानात बोअरची गाडी रात्रभर घरघरते, सकाळी फेसाळ पाणी उडतं, आणि घरात बायको विचारते, आपण काय टाळ कुटायचे?

एक प्रयोग सांगते, कारण तो आपल्या गावकीला चपखल बसतो. जगात अनेक ठिकाणी झालाय. चार-पाच अनोळखी माणसांना थोडे-थोडे पैसे द्यायचे आणि सांगायचं, यातले हवे तेवढे मधल्या डब्यात टाका. डब्यातले पैसे वाढवून सगळ्यांना सारखे वाटले जातील, टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्यालाही. पहिल्या फेरीत माणसं साधारण निम्म्याच्या आसपास टाकतात, म्हणजे मुळात एवढी स्वार्थी नसतात. मग फेरीगणिक डबा आटत जातो. २००१ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आटण्याचं कारण खोदून पाहिलं. त्यांच्याकडच्या माणसांत साधारण निम्मी अशी निघाली की ‘दुसरा जेवढं टाकेल त्या मानानं मी टाकीन’. सुमारे तिसरा हिस्सा फुकटे, काही झालं तरी न टाकणारे. उरलेले धड यातले ना त्यातले. डबा आटवतात ते फक्त फुकटे नव्हेत. फुकट्यांकडे बघून मधल्या निम्म्यांचा हात आखडतो, म्हणून डबा आटतो. आणि दुसऱ्या काही प्रयोगांत न टाकणाऱ्याला टोकायची, थोडा भुर्दंड बसवायची सोय खेळणाऱ्यांच्याच हातात दिली, तर डबा पुन्हा भरू लागला.

तुमच्या गावात बोअर पाडणारे तिघं कोण आणि हात आखडलेले तीनशे कोण, हे आता तुम्हीच ओळखा. ‘एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये’ असं आपण पोरांना शिकवतो. पण ज्याची गाय गेली आहे त्याला ती म्हण ऐकवून बघा.

दंडावर मात्र उडी मारू नका. ही चूक मी स्वतः करून बसलेय. २००३ च्या दुष्काळात माणमधल्या एका गावात पाझर तलावातला गाळ काढायचं काम होतं. घरटी एक माणूस. गैरहजर राहील त्याला पन्नास रुपये दंड, ही सूचना माझी. पहिल्या आठवड्यात चार जणांनी मान खाली घालून दंड भरला. तिसऱ्या आठवड्यात एक पेन्शनर गृहस्थ आले आणि त्यांनी महिन्याचे पैसे आगाऊच टेकवले. ‘ताई, पावती करा, रोज रोज कटकट नको.’ त्यांच्या मागं दुकानदार, मग नोकरदार घरं. आम्ही ज्याला दंड म्हणत होतो त्याचा त्यांनी दर करून टाकला होता. आधी न येणाऱ्याला लाज वाटायची, आता त्याच्याकडे पावती होती! दंड काढून टाकला, तरी ती घरं परत आली नाहीत. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला तेव्हा हेच झालं होतं, उशीर वाढला आणि दंड उठवल्यावरही कमी झाला नाही. २००० साली छापून आलेला अभ्यास आहे तो. मला तो आमच्या फजितीनंतर कैक वर्षांनी कळला.

मग कायद्याचा धाक? भूजलाच्या कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या, खाली विंधन विहीर घ्यायला मनाई आहे. आता तुमच्या गावातले बोअर किती फुटांचे आहेत ते मनातल्या मनात मोजा. गाडी रात्री येते, आणि त्या बांधावर कायदा नसतो. असलाच तर शेजारी असतो.

शेजारी कसा उभा राहतो याचं एक जवळचं उदाहरण कडेगाव तालुक्यात आहे. मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. एकेका घरातली आई हे आधीही सांगतच होती की. पण ‘शेजारचा बंड्या बघतोय मग मीच का नको’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. भोंग्यानं कुणालाच शिस्त लावलेली नाही. त्यानं एवढंच केलं की सात वाजता सगळ्यांनी बंद केलंय हे सगळ्यांना एकदम कळतं. तुमच्या ठरावाला असा भोंगा नव्हता. हात वर झाले आणि खाली आले, त्यानंतर कोण पाळतंय हे कळायची सोयच नाही.

आता जरा कडू बोलते. ‘नवीन बोअर नको’ हा ठराव मला मुळात पटलेला नाही. ज्यांचे बोअर आधीच चालू आहेत त्यांना त्यात काय सोडावं लागलं? काहीच नाही. त्यांचा ऊस तसाच, वर दुसऱ्याची वाट बंद. ज्याची वाटणी उशिरा झाली, जो मुंबईहून कोरोनात परत आला, ज्याच्याकडे आत्ता कुठं चार पैसे आले, त्यालाच गावाचं हित शिकवायचं. ठराव मांडणाऱ्याच्या चुलत्याकडे आधी पाणी होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर त्याला स्वार्थी म्हणायची माझी तरी जीभ वळणार नाही. भावकीतला पुतण्या बागायतदार आणि आपण कोरडवाहू, हे तो रोज बांधावरून बघतोय.

म्हणून बळीराजा धरणाकडे एकदा जाऊन या. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर, तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात दुष्काळातल्या चळवळीतून उभं केलेलं. नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी त्याविरुद्ध भांडून, त्याच वाळूचा थोडा हिस्सा विकायची परवानगी मिळवून धरणाला पैसा उभा केला. पण मला त्यातली खरी मोठी गोष्ट वाटते ती पाणीवाटपाची. पाण्याचा हिस्सा जमिनीवर नाही, घरावर. भूमिहीनालाही. पुढं आटपाडीकडे समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी उभी राहिली तिच्या मागं हाच विचार आहे. हे न्यायाच्या अंगानं लोक नेहमी सांगतात, मी राखणदारीच्या अंगानं सांगते. ज्याचा हिस्सा नाही तो राखत नाही. तुमच्या गावात निम्म्या घरांना भूजल वाढलं काय आणि आटलं काय, सारखंच असेल, तर रात्री गाडी आल्यावर ती कूस बदलून झोपणारच.

बायकांचंही तेच. खोदायला पुढं त्या होत्या, तुमच्याच फोटोंत दिसतात. ठरावाच्या सभेला किती होत्या? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पाणी समितीवर नाव नाही, असं किती गावांत ऐकलंय. आणि हंडा मात्र त्यांच्याच डोक्यावर.

‘मूळ स्वभाव’ या शब्दावर अजून अडला असाल तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. पंतप्रतिनिधींच्या राजवटीत, १९३९ मध्ये, तिथं कैद्यांची खुली वसाहत वसवली, आणि ती आजही आहे. तिथल्या माणसांवर खुनासारखे गुन्हे शाबीत झालेले असतात. भिंत नाही, बायका-पोरं सोबत, शेती करायची. निवड चांगल्या वागणुकीच्या कैद्यांचीच होते हे खरं, त्यामुळं सगळं श्रेय जागेला देता येत नाही. पण ज्या हातानं एकदा कुऱ्हाड उचलली तोच हात रोज संध्याकाळी स्वतःहून परत येतो. का, तर तिथं त्याची बायको चूल पेटवून बसलेली असते.

हे सगळं वाचून ‘आपलं गाव’ या भावनेवर फार विसंबू नका. तिची दुसरी बाजू मी बघितली आहे. एका गावात पोरीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. पुढच्या जत्रेला तिचा बाप पट्टीचे पैसे हातात घेऊन देवळासमोर उभा होता आणि पंच वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, ‘राहू द्या.’ एवढंच. शिवी नाही, मारहाण नाही. पट्टी घेतली नाही. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. जी वही चारशे घरांना जोडते, तीच एका घराला गावाबाहेर काढू शकते. आपल्या राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती उगीच नव्हे. बोअरवाल्यांना ‘वाळीत टाका’ असं तुमच्या सभेत कुणी म्हणेलच, बहुतेक तरुण पोरगा म्हणेल. तिथल्या तिथं थांबवा. गुन्हा आहे हे तर आहेच, शिवाय ज्याला तुम्ही बाहेर काढलं त्याला तुमचा नियम पाळायचं कारणच उरत नाही.

आणि ‘आपला’ कोण ही रेघ बदलता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत, एकत्र रांधत, एका पंगतीला जेवत. जातिभेद वाईट असतो यावर नुसती व्याख्यानं देऊन ते झालं नसतं. भाकरी एकाच चुलीवरची होती, आणि ती थापायची पाळी सगळ्यांची होती.

तर आता तुम्ही काय करायचं. ठराव काही दिवस बाजूला ठेवा. आधी मोजा. गावातल्या सगळ्या विहिरींची पाणीपातळी, दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. मोजायला दर वेळी दोन माणसं, एक बोअरवाला आणि एक बिनबोअरवाला. आकडे देवळाच्या भिंतीवर रंगवा, जत्रेच्या देणगीदारांच्या यादीशेजारी. पावसाचा हिशोबही तिथंच. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी, हे सातवीतलं पोरगं करतं. गावाचं क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ५०० कोटी लिटर. ऐकायला डोंगराएवढं, पण त्यातलं बरंच वाफ होऊन आणि वाहून जातं, आणि पाटानं भिजवलेल्या एका हेक्टर उसालाच वर्षाला दोन कोटी लिटरच्या वर लागतं. रब्बीची ज्वारी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात निघते. हे आकडे भिंतीवर आले की भांडण माणसांवरून पिकांवर सरकतं. तसं सरकलं तर अर्धी लढाई जिंकली समजा.

नियम त्यानंतर, आणि तो जुन्या बोअरवाल्यांच्या त्यागापासून सुरू करा. उसाला ठिबक, नाहीतर उसाचं क्षेत्र अमुक एवढंच, उन्हाळ्यात पंपाचे तास ठरलेले, आणि ज्याच्याकडे पाणी नाही त्याला एका पिकाला पुरेल एवढं शेजारच्या बोअरमधून, विजेच्या खर्चात. मग नवीन बोअर न पाडायला सांगायचा तुम्हाला हक्क येतो. मोडणाऱ्याला पहिल्यांदा फक्त घरी जाऊन विचारायचं, दोन वडीलधाऱ्यांनी, चहा घेऊन. अडचण निघते बहुतेक वेळा. कुणाच्या पोरीचं लग्न असतं, कुणाचं सोसायटीचं कर्ज. दुसऱ्यांदा भिंतीवर. पैशाचा दंड अगदी शेवटी, आणि तोही असा नको की तो भरून मोकळं होता येईल.

खुलभर दुधाची कहाणी तुम्ही घरी श्रावणात ऐकली असेल. राजानं गावाला सगळं दूध गाभाऱ्यात ओतायला लावलं, लोकांनी पोरं-वासरं उपाशी ठेवून ओतलं, गाभारा भरला नाही. म्हातारीनं आधी घरच्यांना, वासरांना पाजलं आणि उरलेलं खुलभर नेलं, तर भरला. तुमचा नियम कुणाच्या वासराला उपाशी ठेवतोय, हे प्रत्येक कलमाला विचारा. ज्या घराचं वासरू उपाशी राहणार असेल तिथून रात्री गाडीला फोन जाणार, हे धरून चाला.

चार-पाच फुकटे उरतीलच. त्यांच्यामागं धावू नका, मधल्या तीनशेंकडे बघा.

दिवाळीनंतर पहिली मोजणी ठेवणार असाल तर कळवा, मी पहाटेच्या एसटीनं येते. शंभर फुटी टेप आहे माझ्याकडे. टोकाला बांधायला एक वजन तेवढं तुमच्याकडून घ्या, मागच्या वेळचं खाली विहिरीत पडलंय. आणि चुलत्यांना आधी भेटा. जमलं तर टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात द्या.